कोणती बहिणाबाई, कोणता चांगदेव? एकाच नावाच्या जुन्या माणसांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरकडच्या एका गावात मी वाचनालय सांभाळतो. संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी अभ्यासाला बसतात, अधूनमधून शाळेतले मास्तर भाषणासाठी माहिती मागायला येतात, आणि वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात म्हणून एकदा सगळी उत्तरं एका जागी लिहून काढली. खानदेशाशी संबंध असलेली नावं आधी घेतली आहेत, बाकीची नंतर.

एवढं काय अडतं, नाव सारखं असलं तर?

अडतं ना. आमच्या गल्लीत एकाच नाव-आडनावाचे तीन जण आहेत, पोस्टमन पत्र हातात धरून ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारतो आणि म्हातारे त्याला उलटं विचारतात, बापाचं नाव काय लिहिलंय ते वाच. खानदेशात अनोळखी पोरगं दिसलं की पहिला प्रश्न असतो "कोना पोऱ्या शे रे तू?" म्हणजे कोणाचा मुलगा. हाच प्रश्न इतिहासातल्या माणसाला आपण विचारत नाही, नुसतं नाव वाचतो आणि पुढे जातो, मग एकाची जयंती आणि दुसऱ्याचं चरित्र असं होऊन बसतं.

एका गावातल्या कार्यक्रमाचा फ्लेक्स माझ्या डोळ्यासमोर आहे. २४ ऑगस्ट, बहिणाबाई चौधरींची जयंती, डोक्यावर पदर घेतलेला त्यांचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात "संतकृपा झाली, इमारत फळा आली". पुढच्या रांगेत असोद्याची एक आजीबाई बसलेली, ती हळूच म्हणाली की हे आमच्या बहिणाईचं नाही हो भाऊ. तिला शाळा नव्हती, पण तिला कळलं, फ्लेक्स करणाऱ्याला नाही कळलं. मला त्या दिवशी फार लागलं ते.

संत बहिणाबाई आणि बहिणाबाई चौधरी एकच का?

नाही. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर आहे.

संत बहिणाबाईंचा जन्म १६२८ चा, देवगाव रंगारीचा. चाळीसगावहून कन्नड घाट चढून वर गेलं की पलीकडे हे गाव आहे, म्हणजे खानदेशाच्या अगदी उंबऱ्यावर, पण खानदेशात नाही. ब्राह्मण घरातल्या, लहानपणीच वयाने खूप मोठ्या बिजवराशी लग्न लागलं, घर फिरत फिरत कोल्हापूरला गेलं, तिथे तुकाराम महाराजांचे अभंग कानावर पडले, स्वप्नात महाराजांचा उपदेश झाला आणि पुढे त्या देहूला जाऊन राहिल्या. ब्राह्मण बाईने कुणब्याला गुरू केलं म्हणून घरातून आणि बाहेरून किती त्रास झाला ते त्यांनी स्वतःच अभंगातून सांगितलंय, त्या काळातल्या बाईने स्वतःचं आयुष्य स्वतःच्या शब्दात सांगणं हीच केवढी मोठी गोष्ट. ज्ञानदेवांनी पाया रचला आणि तुका कळस झाला हे आपण सगळे म्हणतो ना, तो अभंग यांचा, आणि फ्लेक्सवरची ती ओळ पण त्याच अभंगातली. १७०० साली शिऊरला देह ठेवला, ते गाव वैजापूर तालुक्यात येतं.

बहिणाबाई चौधरी आपल्या. १८८० च्या नागपंचमीला असोद्याच्या महाजनांच्या घरी जन्म, जळगावच्या चौधरींकडे दिलं, तिशीत वैधव्य आलं, पुढे सगळा जन्म शेत, जातं, चूल आणि पोरं. लिहिता वाचता येत नव्हतं. गाणी तोंडातून निघायची, कोणी ऐकून टिपून घ्यायचं तेवढीच राहिली, बाकीची वाऱ्यावर गेली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, मग मुलाने ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ ला पुस्तक आलं. जिवंतपणी स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही, हे मी पोरांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी सांगताना माझा आवाज थोडा बदलतो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे भाषा. अभंगाच्या शेवटी "बहेणि म्हणे" किंवा "बहिणी म्हणे" अशी नाममुद्रा आली तर संत बहिणाबाई. चुल्हा, तवा, खोपा, वढाय ढोर असं लेवा वळणाचं आपलं बोलणं आलं तर चौधरी. आणि संतांचा फोटो असूच शकत नाही, फोटो काढायची कला भारतात आली तीच १८४० नंतर, त्यामुळे फोटो दिसला की तो आपल्या बहिणाईचाच.

जळगावच्या विद्यापीठाला कोणाचं नाव आहे?

बहिणाबाई चौधरींचं. विद्यापीठ १९९० चं, नाव दिलं २०१८ ला, आणि पूर्ण नावातच "कवयित्री बहिणाबाई चौधरी" असं आहे त्यामुळे शंकेला जागाच नाही. तरी लोक अर्ज लिहिताना "संत बहिणाबाई विद्यापीठ" लिहितात, तसं करू नका, कागद परत येतो.

सोपानदेव पण दोन आहेत म्हणे?

हो, आणि ही जोडी मला फार आवडते. एक सोपानदेव म्हणजे ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ, समाधी सासवडला. दुसरे सोपानदेव चौधरी म्हणजे बहिणाबाईंचे चिरंजीव, स्वतः कवी. वारकरी घरात मुलाचं नाव सोपान, निवृत्ती, ज्ञानदेव ठेवतात, मुलीचं मुक्ता ठेवतात, आपल्याकडे तर हे घरोघर आहे. म्हणजे इथे नाव योगायोगाने सारखं पडलेलं नाही, मागच्या सोपानदेवांवरूनच पुढचं आलेलं आहे.

मुक्ताबाई किती?

मला नीट माहिती आहेत अशा तिघी.

पहिली आपली आदिशक्ती, ज्ञानेश्वरांची बहीण. तापीकाठी मेहूणला विजेच्या लोळात ती गुप्त झाली असं मानतात, आणि एदलाबादचं नाव मुक्ताईनगर झालं ते हिच्यावरून. आषाढीला तिची पालखी सगळ्यात लांबच्यांपैकी एक, तापीपासून चंद्रभागेपर्यंत पायी.

दुसरी मुक्ताबाई होळकर, अहिल्याबाईंची मुलगी. नवरा यशवंतराव फणसे वारला तेव्हा १७९१ ला ती सती गेली, अहिल्याबाईंनी खूप समजावलं पण ती थांबली नाही.

तिसरी मुक्ता साळवे. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी, तिचा मांग महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ ला ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. काही ठिकाणी तिचं नाव मुक्ताबाई असं छापतात, त्यामुळे घोळ होतो. परीक्षेत "मुक्ताबाई" आणि "निबंध" असे दोन शब्द एकत्र दिसले तर हीच.

चांगदेव दोन होते हे खरं का? आम्ही तर एकच ऐकलाय, वाघावर बसून येणारा

खरं आहे, आणि दोघांच्याही खुणा जळगाव जिल्ह्यातच आहेत, एक या टोकाला तर एक त्या टोकाला.

वाघावरचे चांगदेव म्हणजे योगी चांगदेव. चौदाशे वर्षं जगले अशी कथा, ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना काय लिहावा सुचेना, वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं तर ज्ञानाने मोठा, तीर्थरूप लिहावं तर वयाने लहान, शेवटी कोराच कागद पाठवला. तो बघून मुक्ताई म्हणाली इतकी वर्षं जगून कोराच राहिला की हा. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांनी उत्तर दिलं, तीच चांगदेव पासष्टी, आणि पुढे चांगदेवांनी छोट्या मुक्ताईलाच गुरू केलं. तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचंच गाव आहे, तिथे त्यांचं जुनं दगडी मंदिर आहे.

दुसरा चांगदेव ज्योतिषी. भास्कराचार्यांचा नातू, लक्ष्मीधराचा मुलगा, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी. चाळीसगावजवळच्या पाटण्याला, ज्याला आपण पाटणादेवी म्हणतो, तिथे याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. मठ म्हटल्यावर भगवी वस्त्रं डोळ्यापुढे येतात पण हा मठ म्हणजे गणिताची आणि ज्योतिषाची शाळा. त्याला निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने देणगी दिली होती आणि हे सगळं १२०७ च्या शिलालेखात कोरून ठेवलंय, तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधून जगापुढे आणला.

आता तारखा लावून बघा. पाटण्याचा लेख १२०७ चा आणि ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ज्योतिषी चांगदेव पिकलं पान झाला असेल तेव्हा ज्ञानेश्वरांचा जन्म पण झाला नव्हता. दोघांना एक करून "योगी चांगदेव हे भास्कराचार्यांचे नातू" असं लिहिलेले मेसेज फिरतात, ते चूक आहेत.

भास्कराचार्य पहिले आणि दुसरे, आपले कोणते?

आपले दुसरे. पहिला भास्कर सातव्या शतकातला, त्याने ६२९ साली आर्यभटाच्या ग्रंथावर भाष्य लिहिलं, महाभास्करीय आणि लघुभास्करीय हे त्याचेच. लीलावतीवाले भास्कराचार्य बाराव्या शतकातले, म्हणजे मध्ये जवळजवळ पाचशे वर्षं.

दुसऱ्या भास्कराचार्यांनी स्वतःचं जन्मसाल श्लोकात लिहून ठेवलंय, आणि कसं लिहिलंय ते पोरांना फळ्यावर दाखवलं की डोळे मोठे होतात. श्लोकात शब्द आहेत रस, गुण, पूर्ण, मही. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी एकच म्हणून एक. आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे, झाले शके १०३६, त्यात ७८ मिळवले की इसवी सन १११४. त्याच श्लोकात पुढे म्हणतात की रस-गुण वर्षाचा असताना, म्हणजे ३६ व्या वर्षी, सिद्धांतशिरोमणी लिहिला. ११५० साल आपोआप निघालं. ज्या माणसाने आपलं साल असं बांधून ठेवलं त्याची दुसऱ्याशी गल्लत करायला खरं तर काही कारणच उरत नाही.

आणखी एक, पाटण्याच्या त्याच शिलालेखात या घराण्याची वंशावळ आहे, त्यात भास्कराचार्यांच्या पाच पिढ्या वर अजून एक भास्कर आहे! भास्करभट्ट, त्रिविक्रमाचा मुलगा, त्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. वंशावळ वाचताना पहिलंच भास्कर नाव दिसतं आणि लोक तिथेच थांबतात, खाली महेश्वराचा मुलगा भास्कर येईपर्यंत वाचत या.

मग "भास्कर-२" उपग्रह दुसऱ्या भास्कराचार्यांचा का?

तो आकडा उपग्रहाचा आहे, माणसाचा नाही. भास्कर-१ जून १९७९ ला गेला आणि भास्कर-२ नोव्हेंबर १९८१ ला, मालिकेतला पहिला आणि दुसरा एवढाच अर्थ. पहिल्या-दुसऱ्या भास्कराशी त्या आकड्याची जोडी लावू नका. आर्यभट सुद्धा दोन होते, १९७५ च्या उपग्रहाचं नाव ४७६ साली जन्मलेल्या पहिल्या आर्यभटाचं, महासिद्धांत लिहिणारा दुसरा आर्यभट नंतरचा.

बाजीराव पेशवे आपल्या रावेरला वारले ना?

हा प्रश्न रावेर-सावदा भागातून हमखास येतो. नाही हो. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला वारले, ते नर्मदेच्या काठावर आहे, मध्य प्रदेशात खरगोनकडे. आपलं केळीचं रावेर ते वेगळं, सातपुड्याच्या अलीकडचं. इथे माणसाचं पण नाव सारखं आणि गावाचं पण, त्यामुळे दुहेरी घोळ.

पण बाजीरावाचा खानदेशाशी संबंध आहे, फक्त तो दुसऱ्या बाजीरावाचा. ३ जून १८१८ ला दुसरा बाजीराव इंग्रजांच्या माल्कमच्या स्वाधीन झाला तो अशीरगडाजवळ, आणि अशीरगड-बुऱ्हाणपूर म्हणजे जुना खानदेशच. तिथून त्याला वर्षाला आठ लाखांचं पेन्शन देऊन कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला पाठवलं, १८५१ ला तिथेच वारला. एक आजोबा, एक नातू. आजोबा चाळिशीच्या आत गेले, नातू पंचाहत्तरी गाठून गेला, आणि पेशवाई कोणाच्या हाताने बुडाली असा प्रश्न आला की पोरं घाईत नुसतंच "बाजीराव" लिहून मोकळी होतात. मार्क तर जातातच, पण त्या थोरल्या माणसावर उगाच बालंट येतं.

नानासाहेब पेशवे १७६१ ला वारले, मग १८५७ ला कुठून आले?

ते दोन वेगळे. पानिपतच्या वेळचे नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव, थोरल्या बाजीरावांचे चिरंजीव, २३ जून १७६१ ला पुण्यात पर्वतीवर गेले. १८५७ ला कानपुरात लढलेले नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र. नाना फडणवीस तर तिसरेच, ते पेशवे नव्हतेच, कारभारी होते.

चिमाजी आप्पा पण दोन. वसई घेणारे (१७३९) थोरल्या बाजीरावांचे भाऊ, आणि १७९६ ला काही दिवस गादीवर बसवलेले दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ. बघा, राघोबादादांच्या एका मुलाला त्यांच्या बापाचं नाव मिळालं आणि दुसऱ्याला त्यांच्या काकाचं, म्हणून भावांची जोडी जशीच्या तशी परत आली.

मल्हारराव होळकर नक्की किती, आणि आपल्या तळोद्याचे कोणते?

तीन मल्हारराव लक्षात ठेवायचे.

तळोद्याचे ते पहिले, सुभेदार. जेजुरीजवळच्या होळ गावचे, बाप खंडोजी लवकर गेला, भाऊबंदकीला कंटाळून आई लेकराला घेऊन भावाकडे तळोद्याला आली. मामा भोजराज बारगळ. त्या काळी ते सुलतानपूर परगण्यात होतं, आज नंदुरबार जिल्ह्यात. मेंढ्या राखल्या, मामाच्या पथकात घोड्यावर बसायला शिकले, मामाचीच मुलगी गौतमाबाई केली. इंदूरच्या होळकरांचं मूळ रुजलं ते आपल्या तापीच्या खोऱ्यात, हे नंदुरबारच्या पोरांना छाती पुढे काढून सांगता यायला हवं. १७६६ ला वारले. अहिल्याबाईंचे सासरे ते हेच.

दुसरे मल्हारराव तुकोजी होळकरांचे चिरंजीव, १७९७ ला पुण्यात शिंद्यांच्या फौजेने छापा घातला त्यात मारले गेले. त्यांच्याबद्दल एवढं पुरे.

तिसरे मल्हारराव म्हणजे यशवंतराव होळकरांचा मुलगा, जन्म १८०६. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई हरली तेव्हा हे पोरगं अकरा वर्षांचं. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख इंग्रजांना द्यावा लागला, त्यात खानदेशातला मुलूख पण गेला. लगेच फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्यावर लढाई झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना इंग्रजांनी फाशी दिलं. म्हणजे एका मल्हाररावांना खानदेशाने वाढवलं आणि तिसऱ्या मल्हाररावांच्या नावावर झालेल्या तहात खानदेश हातातून गेला. नाव एकच आणि मध्ये जेमतेम शंभर वर्षं.

शाहू महाराज: आरक्षण देणारे आणि औरंगजेबाच्या कैदेतले एकच का?

नाही हो, हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये येतो.

कैदेतले छत्रपती शाहू म्हणजे संभाजी महाराज आणि येसूबाईंचे पुत्र, जन्म १६८२, मूळ नाव शिवाजीच. १७०७ ला औरंगजेब मेल्यावर सुटले, नर्मदा उतरून खानदेशातून खाली आले आणि धुळ्याजवळच्या लामकानीला मुक्काम पडला. परसोजी भोसल्यांसारखे सरदार तिथे येऊन मिळाले, कोण खरा कोण तोतया ही शंका तेव्हा पण होतीच, ती भोसल्यांनी जाहीरपणे बाजूला सारली. १७४९ ला साताऱ्यात वारले.

आरक्षणवाले राजर्षी शाहू कोल्हापूरचे. जन्म २६ जून १८७४, कागलच्या घाटगे घराण्यात, नाव यशवंतराव, १८८४ ला दत्तक गेल्यावर शाहू झाले. १९०२ ला मागासलेल्यांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखीव केल्या. १९२२ ला वारले. "शाहू, फुले, आंबेडकर" म्हणताना हे.

खानदेशात पण आदिलशहा होता म्हणतात, तो विजापूरचा का?

खानदेशावर १३८२ ते १६०१ फारुकी घराणं होतं, आधी थाळनेर मग बुऱ्हाणपूर. त्यांच्यात आदिलखान नावाचे बरेच राजे झाले, त्यातला १४५७ ते १५०१ राज्य केलेला आदिलखान सगळ्यात ठळक. विजापूरच्या आदिलशाहीशी त्यांचं काही नातं नाही. बखरीत नुसतं आदिल वाचलं तर आधी गाव बघायचं.

बाळ गंगाधर टिळक तर माहीत आहेत, बाळ गंगाधर अजून कोण?

अजून दोघं, आणि तिघंही जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले! बाळ गंगाधर जांभेकर म्हणजे बाळशास्त्री, १८३२ ला दर्पण काढणारे. बाळ गंगाधर टिळक, १८८१ ला केसरी सुरू करणाऱ्यांतले. बाळ गंगाधर खेर, मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान, त्या वेळी मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणायचे. इथे तर बापाचं नावही सारखं, त्यामुळे "कोना पोऱ्या" विचारून पण भागत नाही, आडनावापर्यंत जावंच लागतं. एका पोरीने मला विचारलं होतं की टिळकांनी केसरीच्या आधी दर्पण पण काढला का, तिचं वाचन चुकलं नव्हतं, पुस्तकात आडनाव गाळलेलं होतं.

पांडुरंग सदाशिव म्हणजे साने गुरुजीच ना?

बहुतेक वेळा हो, पण नेहमी नाही.

पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, पालगड, कोकण. आमच्या अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून सहा वर्षं शिकवलं, वसतिगृहात पोरांची अंथरुणं घातली, आजारी पोरांची सेवा केली, आणि १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे ते यांनी उतरवून घेतलं म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं. जन्माने कोकणचे पण गुरुजी झाले ते इथे. अमळनेरचा माणूस "आमचे गुरुजी" म्हणतो तेव्हा आडनाव लागतच नाही.

पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म १८८४, वर्ध्याचे. गदर पार्टीतले क्रांतिकारक, देशोदेशी फिरून शेवटी मेक्सिकोला पोचले आणि तिथे शेतकी शास्त्राचे प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं, दिएगो रिव्हेरा या नामांकित चित्रकाराने त्यांना भिंतीवरच्या चित्रात काढलं. इंग्रज सरकारने बंदी घातल्यामुळे स्वातंत्र्य मिळेपर्यंत घरी येता आलं नाही. १९६७ ला वारले.

एक तुरुंगातून घडवत राहिला, एक परदेशातून. दोघांचं नाव आणि बापाचं नाव अक्षराला अक्षर सारखं. आमच्याकडे खानखोज्यांचं चरित्र पूर्वी गुरुजींच्या कपाटात लावलेलं होतं, कारण रजिस्टरला फक्त "पां. स." एवढंच होतं. मी ते काढून वेगळं ठेवलं.

रमाबाई आणि आनंदीबाई?

पटकन सांगतो. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशनवाल्या. रमाबाई रानडे न्यायमूर्तींच्या पत्नी, पुण्याचं सेवासदन. रमाबाई आंबेडकर (१८९८–१९३५) बाबासाहेबांच्या पत्नी, आपल्या सगळ्यांच्या रमाई. रमाबाई पेशवे थेऊरला १७७२ ला माधवरावांबरोबर सती गेल्या. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) डॉक्टर, आणि राघोबादादांच्या आनंदीबाई त्यांच्या शंभर वर्षं आधीच्या. गूगलवर नुसतं "रमाबाई" टाकलं तर चौघींचे फोटो आणि चित्रं एकमेकीत मिसळून येतात, फोटो उचलण्याआधी खालचं नाव वाचा.

तंट्या आणि तात्या एकच का?

एक तंट्या भिल्ल, निमाड-सातपुड्याचा, ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी. एक तात्या टोपे, खरं नाव रामचंद्र पांडुरंग, १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला फाशी. उच्चार जवळचा, फाशी दोघांनाही, म्हणून घोळ होतो. यावल-चोपड्याकडच्या पाड्यांवर जुनी माणसं "तंट्या मामा" म्हणतात, मामा आलं की तो भिल्ल.

एकाच घराण्यात नावं परत परत का येतात?

आजोबा गेले की नातवाला नाव देतात, आज पण देतात. भोसल्यांच्या घरात शिवरायांचे थोरले भाऊ संभाजी कनकगिरीला मारले गेले, पुढे शिवरायांचे पुत्र संभाजी, आणि नंतर कोल्हापूरच्या गादीवर राजाराम महाराजांचे पुत्र संभाजी, ज्यांनी १७३१ ला शाहूंशी वारणेचा तह केला. तीन संभाजी, एक घर. आणि पहिला, दुसरा, तिसरा हे आकडे इतिहास लिहिणाऱ्यांनी नंतर लावलेले आहेत. त्या काळी कोणी "दुसरा बाजीराव" अशी सही करत नव्हता, म्हणून जुन्या पत्रात नुसतं बाजीराव दिसलं तर तारीख वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तारीख शकात असली तर?

शकात ७८ मिळवा. पौषात वगैरे वर्षाच्या शेवटच्या महिन्यातली तारीख असली तर ७९ होतात. एका वर्षाचा फरक चालतो, शंभर वर्षांचा आला तर माणूस वेगळा आहे असं समजायचं.

धुळ्याचे वि. का. राजवाडे आणि "व्ही. के. राजवाडे" एकच ना? इंग्रजी यादीत निरुक्तावरचं पुस्तक दिसतं त्यांच्या नावाने

हा प्रश्न कमी जण विचारतात पण जो विचारतो तो खरा वाचक, म्हणून शेवटी ठेवला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, मराठ्यांच्या इतिहासाची साधने गावोगाव पायपीट करून गोळा करणारे, ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले, त्यांचे कागद ज्या संशोधन मंडळाने जपले ते धुळ्यातच आहे. निरुक्तवाले, म्हणजे वेदातल्या शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या त्या जुन्या ग्रंथावर लिहिणारे राजवाडे म्हणजे त्यांचेच थोरले भाऊ वैजनाथ काशिनाथ, फर्ग्युसन कॉलेजचे प्राध्यापक. मराठीत वि. का. आणि वै. का. असा एका मात्रेचा फरक दिसतो, इंग्रजीत दोघंही व्ही. के. होऊन जातात आणि दोन भावांची पुस्तकं एकाच्या नावावर चढतात. यादी मराठीत बघा.

ही ठिकाणं एका दिवसात बघून होतील का?

सगळी नाही. पाटणादेवी आणि देवगाव रंगारी एका दिवसात होतात, चाळीसगावला उतरायचं, सकाळी पाटणादेवी, मग घाट चढून देवगाव. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो पण घाटात दरड येते, चौकशी करून निघा. चांगदेव आणि मुक्ताईनगर दुसऱ्या दिवशी भुसावळकडून. असोदा जळगावला लागूनच आहे, आणि जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाईच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्यात त्या बघितल्याशिवाय परत जाऊ नका.

पाटण्याला गेलात तर एवढं मनात ठेवून जा. तिथे सापडलेला तो लेख बहुतेक सगळा संस्कृत श्लोकात आहे, पण शेवटी भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते, "इयां पाटणीं जें केणें उघटे", म्हणजे या पाटणात जो माल विकायला उघडेल त्यावरचा कर मठाला द्यायचा. बाजारातल्या मालावरच्या करातून भास्कराचार्यांचं गणित शिकवलं जात होतं, आणि ते बाजारातल्या माणसाला कळावं म्हणून त्याच्या बोलीत कोरलेलं आहे.